बेहेरेकाकांची तोंडी

आमच्या घरात गाणं ऐकायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. थट्टा करत नाही. रविवारी सकाळी आमच्या विश्रांतवाडीच्या घरात, पुढच्या खोलीत, बाबांची आणि त्यांच्या मित्रांची बैठक भरायची, आणि त्या सतरंजीवर बूड टेकायचं तर बेहेरेकाकांची तोंडी पास व्हावी लागायची. बैठक होती एका गायिकेच्या चाहत्यांची. त्यांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुमच्यातलं कुणीतरी लगेच मला त्यांच्या रेकॉर्डी म्हणून दाखवेल आणि वर विचारेल, ती अमकी तुम्ही ऐकली आहे का? माझं उरलेलं आयुष्य मला त्यात घालवायचं नाही. घरात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मीही तेच म्हणते.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं, आळंदी रस्त्याला लागून. ट्रक गेला की कपाटाच्या काचा थरथरायच्या आणि रेकॉर्डवरची सुई उडू नये म्हणून बाबा दोन्ही हात प्लेअरच्या बाजूला असे धरायचे, जणू तान्हं मूल टेबलावरून पडतंय. त्या प्लेअरला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल आईने विणलेला, पण तो काढायचा मात्र बाबांनी. आतल्या खोलीत आईचा पंपाचा स्टोव्ह फरफरत असायचा. दडपे पोहे, थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा, शेंगदाण्याची चटणी, आणि चहा, पुन्हा चहा, मग 'वहिनी, अर्धा अर्धा होईल का?' म्हणून आणखी चहा. बैठक आमच्याकडेच का, बेहेरेकाकांकडे का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तर बेहेरेकाकूंनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं म्हणे की या घरात चहा एकदाच मिळेल. मला त्या काकूंविषयी कायम आदर वाटत आला आहे.

बेहेरेकाका पेठेतले. पेठेतून विश्रांतवाडीला येणं म्हणजे परगावी येण्यासारखंच, हे ते दर रविवारी दारात चपला काढताना ऐकवत, आणि दर रविवारी येत. विमा कचेरीत नोकरी, पांढरा शुभ्र झब्बा, बोलण्याआधी एक छोटा खोकला. त्या खोकल्याला सगळी बैठक गप्प व्हायची. कुणी नवा माणूस आला की काका त्याला समोर बसवत आणि विचारत, या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काय आहे? तबल्याला कोण आहे? दुसऱ्या कडव्याआधी बाई श्वास कुठे घेतात? श्वास! माणूस गाणं ऐकायला आलाय का फुप्फुसं तपासायला? उत्तरं आली तर तो 'श्रोता'. नाही आली तर तो नुसता 'ऐकणारा', आणि ऐकणाऱ्यांनी रेडिओ ऐकावा, त्यासाठी सरकारने तो काढलाच आहे, असं काकांचं म्हणणं. वऱ्हाडातून कारखान्यात नोकरीला आलेला, आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहणारा एक तरुण एकदा खिडकीतून ऐकून ऐकून शेवटी धीर करून आत आला. त्याला एकही उत्तर आलं नाही. तो म्हणाला, गाणं ऐकलं की मला बरं वाटतं, एवढंच. काका म्हणाले, बरं तर डोकेदुखीच्या गोळीनेही वाटतं. सगळे हसले. तो बिचाराही हसला, आणि पुन्हा आला नाही. आईने त्याच्यासाठी काढलेली पोह्यांची बशी तशीच राहिली, ती मी खाल्ली.

हे आत्ताच लिहायला का बसले ते सांगते. परवा माझी नात जुई खराडीच्या ऑफिसातून तोंड फुगवून घरी आली. अंगात कुठल्याशा बँडचं चित्र असलेला टीशर्ट. तिच्या ऑफिसातल्या एकाने लिफ्टमध्ये तिला अडवून म्हणे विचारलं, त्या बँडची पाच गाणी सांग. हिला तीन आली. मग तो चार लोकांसमोर म्हणाला, मग टीशर्ट कशाला घालतेस? मी म्हटलं, अगं, त्याने झब्बा घातला होता का? खोकला का आधी? तिला काही कळलं नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं गेली, आमच्या घरासमोरचा रस्ता उखडून पुलाखाली गेला, गाणं आता खिशातल्या फोनमध्ये आलं, आणि बेहेरेकाका काही हटत नाहीत.

असो. आईकडे येते. आई हडपसरची. हडपसर खेडं होतं तेव्हाची, माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची शेती असलेल्या घरातली. तिच्या बोलण्यात मधूनच 'हाय' यायचं. 'दूध हाय का बघ.' बैठक भरलेली असताना असं आतून ऐकू आलं की बेहेरेकाका डोळे मिटून किंचित हसत आणि बाबा उगाच रेकॉर्ड पुसायला लागत. बाबाही काही पेठेत जन्मलेले नव्हते. कारखान्यात ड्रॉइंग काढत, आणि ती तोंडी ते स्वतः तिसऱ्या खेपेला पास झाले होते. पण तो सतरंजीचा कोपरा मिळाल्यापासून त्यांना आपण कुठून आलो याचा विसर पडला होता, आणि आई बोलली की आठवण व्हायची.

आईला बाईंचं गाणं किती आवडायचं हे मला स्टोव्हमुळे कळायचं. एक ठरावीक गाणं लागलं की स्टोव्हची फरफर बंद व्हायची. आई तो विझवायची. तव्यावर थालीपीठ अर्धं कच्चं, आणि ही भिंतीला टेकून, हातातलं उलथनं तसंच धरून उभी. गाणं संपलं की पुन्हा काडी, पुन्हा पंप, पुन्हा घासलेटाचा वास. बाहेरून बाबांची हाक यायची, अगं झालं का? तिला त्या गाण्याचे शब्द धड माहीत नव्हते. नाव तर नाहीच. ते 'अंगणात वाट बघत बसलेल्या बाईचं गाणं', असं ती म्हणायची. आणि हे ऐकून तुम्हाला वाटेल की आता आईला आतून सगळं कळत होतं असं मी सांगणार. अजिबात नाही. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एकदा तिने दुसऱ्याच गायिकेची रेकॉर्ड बाईंची समजून 'आज बाई छान लागल्यात' असं म्हटलं, त्यावर बैठक वर्षभर हसत होती. आणि हे सगळं खरं असून ते गाणं लागलं की तिचा स्टोव्ह बंद व्हायचा.

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात बातमी आली की बाई आमच्या घरी गाणार. त्यांनी जाहीर कार्यक्रम केव्हाच थांबवले होते. बैठकीतल्या कुणाच्या तरी आत्याची त्यांच्याशी ओळख होती, तिने शब्द टाकला आणि त्या हो म्हणाल्या. माइक नको, टेप नको, माणसं थोडी. रविवारी दुपारी. झालं! घरात लगीनघाई. जागा कमी म्हणून बेहेरेकाकांनी पास झालेल्यांचीच पुन्हा तोंडी घेतली. मोठी माणसं, डोक्याचे केस गेलेली, आमच्या पायरीवर बसून रेकॉर्डींच्या मागच्या बाजू पाठ करत होती. काय म्हणावं या लोकांना?

त्याच आठवड्यात एका दुपारी आई बाबांना म्हणाली, "अहो, मी बाहेर बसणार आहे."

बाबांना आधी कळेचना. बाहेर म्हणजे कुठे? मग कळलं तेव्हा त्यांनी चहाफराळाचं काय, असं विचारलं, आणि मग अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं की तोंडी दिलेल्या माणसांनासुद्धा जागा पुरत नाही, त्यांच्यासमोर मी काय सांगू? आईने भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली की मला आयुष्यात एकदा त्यांना समोर बसून ऐकायचंय, आणि त्या माझ्याच घरात येणार आहेत. शेवटी ठरलं असं की पहिला भाग आई आत, चहापाणी झालं की दुसऱ्या भागाला आई बाहेर, दारापाशी. आईने तेवढ्यावर मान डोलावली. तिने आदल्या दिवशीच करायचे पदार्थ योजले होते, नारळाच्या वड्या आणि मटारच्या करंज्या, म्हणजे स्टोव्ह लावायला नको आणि आतून का होईना, पहिला भागही ऐकू येईल.

तर बेहेरेकाका म्हणाले, छे छे, बाईंना गरम बटाटेवडे आवडतात, त्यांच्या एका मुलाखतीत आलंय. खालमानेने बाबांनी आईला सांगितलं. बटाटेवडे! म्हणजे संबंध पहिला भाग स्टोव्ह फरफरणार आणि तेल कढणार. मी म्हटलं, मी तळते, तू बस. पण माझा हात तेव्हा वड्यांवर बसलेला नव्हता, आणि बाईंपुढे जायचे म्हणून आई ते माझ्यावर सोडायला तयार नव्हती.

बाई रिक्षाने आल्या. मी कल्पना केली होती त्यापेक्षा खूपच लहानखुऱ्या, स्वेटर घातलेला, कानाला रुमाल. सगळे उठून उभे राहिले, आणि त्या सरळ आमच्या स्वयंपाकघरात आल्या. घसा धरलाय, जरा गरम पाणी मिळेल का, म्हणाल्या. आईच्या हाताला बेसन. तिने घाईघाईने पाणी दिलं आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, मी नंतर बसणार आहे. बाई हसल्या. वडे बघून म्हणाल्या की हे मला चालत नाहीत हो, कुणी सांगितलं तुम्हाला? मग त्यांनी आईला विचारलं, तुमचं कुठलं गाणं? आईची पंचाईत झाली. नाव माहीत नाही. ती म्हणाली, ते अंगणात वाट बघत बसलेल्या बाईचं. मला वाटलं आता धरणी दुभंगावी. पण बाई पाणी पिता पिता थांबल्या आणि म्हणाल्या, "ते होय. तुम्ही बाहेर आलात की म्हणते. आल्याशिवाय म्हणणार नाही."

पहिला भाग आम्ही ऐकलाच नाही. स्टोव्ह, तेल, झारा, आणि मधूनच बाहेरून 'वा, क्या बात है' असा एकच आवाज, तो बेहेरेकाकांचा. बाकीचे त्यांच्यामागून. आई घाण्यामागून घाणे काढत होती आणि तिच्या कपाळावर घाम होता, पण ती खूश होती. शेवटचा घाणा काढून तिने स्टोव्ह विझवला, हात धुतले, पदर नीट केला. अजून चहा व्हायचा होता, पण बाईंनी बाहेरून विचारलं, घरच्या बाई कुठे आहेत? बाबांना उठावं लागलं. आई दारापाशी येऊन भिंतीला धरून बसली, मी तिच्या मागे. आणि बाईंनी तिच्याकडे बघत ते गाणं सुरू केलं.

कसं सांगू? रेकॉर्डवर ते गाणं वर चढत जातं, तरुण बाईचा आवाज आहे तो, कुणीतरी येणार याची खात्री असलेला. इथे त्यांनी ते बरंच खालून धरलं. आवाजाला थोडी खरखर आलेली, आणि तीच वाट बघणारी बाई आता म्हातारी झाली आहे आणि अजून अंगणात बसलीच आहे, असं काहीतरी मला वाटलं. मी काही जाणकार नाही, मी त्या तोंडीला कधी बसले नाही. आईकडे बघितलं तर ती तोंडाला पदर लावून रडत होती. ध्रुवपद झालं, पहिलं कडवं लागलं, आणि तो छोटा खोकला ऐकू आला.

बेहेरेकाका म्हणाले, "बाई, क्षमा करा. रेकॉर्डवर याची पट्टी वरची आहे. काळी पाच."

पेटी थांबली. तबला थांबला. बाई म्हणाल्या, हो का? मग शांतपणे म्हणाल्या की आता तिथे आवाज पोचत नाही, म्हणून खालच्या पट्टीत गाते. काका घाईघाईने म्हणाले, छे, तक्रार नाही, केवळ माहिती म्हणून सांगितलं. कुणीतरी कुजबुजलं की काळी पाच नसून काळी चार आहे. दुसरा म्हणाला, पाचच. आणि तेवढ्यात आमचे बाबा उठले. मला वाटलं आता ते काकांना गप्प करतात. त्यांनी प्लेअरवरचा रुमाल काढला, बोटं न लावता रेकॉर्ड अलगद बाहेर काढली, पुसली, आणि सुई ठेवली. समोर बाई बसलेल्या असताना! पेटीवाल्यांना सूर तपासायला सांगितला. काळी पाचच निघाली. बेहेरेकाकांनी मान तुकवली.

एवढ्यावर तरी रेकॉर्ड बंद करावी की नाही? पण एकदा लागलेलं गाणं मध्ये तोडायचं नाही हा बैठकीचा नियम. सगळ्यांनी सवयीने डोळे मिटले. माना डोलायला लागल्या. हाताच्या बोटांवर ताल. योग्य जागी, सगळ्यांच्या तोंडून एकदम, वा! आणि त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बाई, मांडीवर हात ठेवून, स्वतःचं गाणं ऐकत बसलेल्या. माझी आजही हे लिहिताना कानशिलं गरम होतात. गाणं संपलं तसं त्यांनी कानाला रुमाल बांधला आणि उठल्या. बाबा म्हणाले, अजून दुसरा भाग आहे ना? त्या म्हणाल्या, "चांगली गाते ती. तिलाच ऐका."

रिक्षा रस्त्याच्या पलीकडे उभी होती. साथीदार वाद्यं ठेवायला पुढे गेले. बैठकीतलं कुणी हललं नाही. त्यांना नेमकं काय झालं हेच कळेना. आई मात्र उठली आणि बाईंच्या मागोमाग अनवाणी रस्ता ओलांडून गेली. मी फाटकापाशी थांबले. बाई रिक्षात बसल्या होत्या, आई आत वाकलेली. मला आईची पाठ तेवढी दिसत होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. मध्ये एकामागून एक ट्रक आणि एस्ट्या जात होत्या, एक शब्द ऐकू येईना. बराच वेळ तशीच होती ती. रिक्षावालासुद्धा मागे वळून बघत राहिला होता, गाडी सुरू करायची सोडून. मग रिक्षा गेली आणि आई सावकाश परत आली. मी विचारलं, काय म्हणाल्या? तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली.

आत वडे फस्त होत आले होते. आई दिसताच सगळे तिच्याभोवती जमले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय बोलल्या? रागावल्या का? पुढे गायला येणार का? गायल्या का तिथे काही? बेहेरेकाकांनी तर तिला बसायला सतरंजीवर जागा करून दिली. बाईंविषयी अशी एक गोष्ट जगात होती जी त्यांना माहीत नव्हती आणि वहिनींना होती, हे त्यांना सोसवेना. आई म्हणाली, चहा राहिलाच की, टाकते.

बैठक त्यानंतर फार टिकली नाही. बाई दोनेक वर्षांत गेल्या. बेहेरेकाकांनी त्यांच्यावर एक पुस्तिका काढली, तिच्यात रेकॉर्डी, सन, साथीदार, पट्ट्या, सगळं बिनचूक. आईकडे ते खास आले, 'शेवटच्या भेटीची आठवण' म्हणून चार ओळी द्या म्हणाले. तिने दिल्या नाहीत. मी लग्न होऊन गेले, माहेरपणाला आले की विचारायची. मलाही नाही सांगितलं. मला त्याचा रागच आहे, लपवत नाही. पोटच्या पोरीला सांगायला काय जात होतं?

बाबांनी मात्र शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. कारखान्यातून निवृत्त झाले, ऐकायला कमी यायला लागलं, प्लेअर कधीच बंद पडला होता. शेवटच्या आजारात मी तिथेच राहायला होते. एका दुपारी आई त्यांना पेज भरवत होती आणि त्यांनी पुन्हा विचारलं. आता तरी सांग. रिक्षात गायल्या का त्या? ते गाणं पुरं केलं का?

आईने चमचा बशीत ठेवला. ती म्हणाली, "सांगते. आधी तुम्ही एक सांगा. त्या समोर बसलेल्या असताना तुम्ही रेकॉर्ड का लावलीत?"

मी दाराशी उभी होते आणि मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, बाबा, चुकलं म्हणा. एवढंच म्हणा. ती सांगेल.

"अगं," बाबा म्हणाले, "बेहेरे बरोबर होता."

आईने चमचा उचलला, पेज ढवळली आणि म्हणाली, मग राहू दे. आणि ते राहिलंच.